नाव न घेता

बुरुल एजेंच्या, म्हणजे शाळेतल्या बुरुलबाईंच्या, नजरेत टोल्कुन पहिल्यांदा भरली ती हजेरीच्या वेळी.

वर्ग पहिलीचा होता. शेगडीत गोवऱ्या नीट पेटल्या नव्हत्या आणि मुलं टोप्या घालूनच बसली होती. एजे एकेक नाव घेत होत्या. एका ठिकाणी आल्या की मात्र नाव न घेता त्या नुसतं "खिडकीजवळचा?" म्हणत, आणि खिडकीजवळचा मुलगा उठून "हजर" म्हणे. त्याचं नाव तेमिरबेक. एजेंच्या सासऱ्यांचं नाव तेमिरकुल. सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही आणि त्या नावाशी जुळणारं दुसरं नावही घ्यायचं नाही, हे चेत-बुलाक गावात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. तेमिर म्हणजे लोखंड. एजे घरात लोखंडाला 'काळं कठीण' म्हणत. शाळेत धड्यात लोखंड आलं की तो धडा त्या मुलांकडून वाचून घेत.

त्या दिवशी खिडकीच्या फटीतून वारा येत होता, म्हणून तेमिरबेक गुपचूप शेगडीजवळ जाऊन बसला होता आणि उबेनं पेंगत होता.

"खिडकीजवळचा?" एजे म्हणाल्या.

कुणी उठलं नाही. एजेंनी पुन्हा विचारलं. वर्ग हसायच्या बेतात आला. तेवढ्यात पहिल्या बाकावरून दोन वेण्यांची, नाक वाहणारी एक मुलगी उठली. तिनं तेमिरबेकला दंडाला धरून उठवलं आणि खिडकीजवळ नेऊन बसवलं. मग आपल्या गळ्यातला मफलर सोडून खिडकीच्या फटीत कोंबला, आणि एक शब्द न बोलता जागेवर येऊन बसली.

"हजर," तेमिरबेक म्हणाला.

ही टोल्कुन. घोडे राखणाऱ्यांच्या घरची धाकटी. एजेंनी घरी जाऊन ही गोष्ट सासूबाईंना सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलाला उठवलं यात काय मोठंसं? फट बुजवली, ते खरं."

शाळेत टोल्कुन फार चमकली असं नाही. गणितात बरी, रशियनमध्ये जेमतेम. पण कुठं कुणाचं काय अडतंय ते तिला दिसायचं. शाळेच्या फाटकाची कडी लहान मुलांच्या हाताला येत नसे. तिनं त्या कडीला जुन्या लगामाचा तुकडा बांधला. शाळेला नवं फाटक आलं तेव्हा गवंड्यांनी तो तुकडा सोडवून नव्या कडीला बांधला, कारण तो नसला तर फाटक उघडायचं कसं हे कुणाला सुचेना.

पुढं ती राजधानीला, बिश्केकला, शिकायला गेली आणि ॲप आणि वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात लागली. एकदा सुटीत घरी आली असताना गावच्या दवाखान्यातल्या नर्सनं, उम्सुनायनं, तिला एजेंच्या दारातच गाठलं.

"तू नेमकं करतेस काय गं तिकडं? तुझ्या आईला विचारलं तर म्हणते कॉम्प्युटर. कॉम्प्युटर काय?"

"मोबाइल उघडला की काय कुठं दिसावं, माणसानं आधी काय दाबावं, मग काय दाबावं, चुकला तर त्याला परत वाटेवर कसं आणावं, ते मी ठरवते."

"म्हणजे सासूचं काम," उम्सुनाय म्हणाली. "लग्न न करताच मिळालं. नशीबवान आहेस."

चेत-बुलाक दरीच्या पार टोकाला आहे. दवाखाना आहे, दवाखान्यात उम्सुनाय आहे, डॉक्टर नाही. डॉक्टर येतात ते गाडीतून, महिन्यातून एकदा. गाडीत हृदय तपासायचं यंत्र असतं, पोट बघायचं यंत्र असतं आणि औषधांची कपाटं असतात. पूर्वी गाडी यायच्या आदल्या दिवशी उम्सुनाय फोन करून कोण कोण आजारी आहे ते सांगायची. फोनला रेंज मिळायची ती टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी. ती टेकडी चढून चढून तिचे गुडघे कामातून गेले होते. म्हणून ठरलं की ॲप करायचं. घरचं माणूस घरूनच सांगेल, डॉक्टरांना त्यांच्या वेबसाइटवर नावं दिसतील, आणि ज्या गावात कुणी आजारी आहे त्या गावाला गाडी वळेल. हे काम टोल्कुनच्या ऑफिसात आलं आणि तिनं ते मागून घेतलं.

काम करायची तिची एक पद्धत होती. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी ती मोबाइलच्या आकाराचे कागद कापायची, त्यांवर बटणं काढायची आणि ते कागद लोकांच्या हातात द्यायची. दाबा, म्हणायची. दाबलं की दुसरा कागद पुढं करायची. लोक कुठं थबकतात, कुणाचं बोट कुठं आधी जातं, ते बघायची आणि बोलायची कमी. त्या उन्हाळ्यात ती असे कागद घेऊन गावच्या पाणवठ्यावर बसली होती. बटण आधी लाल होतं. बायका म्हणाल्या, लाल दाबलं की काहीतरी पेटेल. तिनं निळं केलं. सुनांचे हात कणकेत असतात, म्हणून कोपरानंही दाबता येईल एवढं मोठं केलं. थोरल्या बायकांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून लिहायची भानगडच ठेवली नाही. बटण दाबायचं आणि बोलायचं. रेंज नसली तर बोललेलं मोबाइलमध्येच थांबायचं, आणि कुणी टेकडीकडं गेलं की आपोआप पुढं जायचं.

बोलण्याची चाचणी तिनं बिश्केकच्या बाजारात घेतली, लोकर आणि मोजे विकायला बसणाऱ्या नारिनकडच्या बायकांकडून. त्या मोबाइलशी धडाधड बोलल्या. त्यांच्यापुढं मोजे होते, गिऱ्हाइकं होती. गावाकडं चाचणी झाली ती कागदाची, आणि कागदाशी कुणी बोलत नाही.

शरद लागला तसं ॲप सुरू झालं. बटण दाबलं की एका बाईचा गोड आवाज यायचा: "रुग्णाचं नाव सांगा. मग त्रास सांगा." बोलून झालं की तीच बाई म्हणायची, "तुमचं म्हणणं पोचलं." घराघरांतून लोक बोलले. बुरुल एजेही बोलल्या. मुलानं नवा मोबाइल पाठवला होताच, आणि सासूबाईंचे, क्युम्युश आपांचे, पाय सुजायला लागले होते. संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि लवकर भरून यायचा नाही. गोठ्यापर्यंत जाऊन आल्या की धाप लागायची. नारिनच्या मोठ्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्यांना सोसला नसता. गाडीच काय ती एक वाट होती.

गाडी आली, पण फाट्यावरून वळली नाही. खालच्या गावाला थांबून परत गेली. पुढच्या खेपेलाही तसंच झालं.

उम्सुनाय दुखरे गुडघे घेऊन पुन्हा टेकडी चढली आणि तिनं डॉक्टर इस्काकना फोन लावला.

"तुमच्या गावातून एकही नाव नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, सगळे ठणठणीत आहात."

"ठणठणीत? निम्म्या गावाला खोकला आहे."

"मग नाव द्यायला नको? हे बघा, स्पष्टच सांगतो. घाट बंद व्हायच्या आधी हिवाळ्याचं ठरवायचंय आणि गाडी एकच आहे. पुढच्या खेपेलाही तुमच्याकडून कुणी नसलं, तर हिवाळाभर ती पलीकडच्या दरीत जाईल. तिकडचे लोक नावं देतात."

ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. लोक चिडले ते डॉक्टरांवर, रस्त्यावर आणि टाकीवर. टोल्कुनवर कुणी चिडलं नाही, निदान तोंडावर तरी नाही. ती आपली पोर होती. पण तिच्या आईनं पाणवठ्यावर जायची वेळ बदलली, हे एजेंच्या लक्षात आलं.

बिश्केकच्या ऑफिसातल्यांचं म्हणणं पडलं की गावच्या बायकांना ॲप जमत नाही, कसं वापरायचं ते दाखवणारा व्हिडिओ करून पाठवू. टोल्कुन म्हणाली, जमत नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी बघू द्या. पाठीला पिशवी लावून ती गावात आली, आणि आईकडं सामान टाकून थेट एजेंकडं गेली.

क्युम्युश आपा शेगडीच्या वरच्या अंगाला, मानाच्या जागी, लोकरी जाजमावर पाय पसरून बसल्या होत्या. एजेंनी वाट्यांत मिठाचा चहा ओतला, वर साय घातली, कणकेचे तळलेले बोरसोक जाजमावर मांडले.

"लग्न कधी करतेस?" आपांनी सुरुवातच तिथून केली.

"आधी हे ॲप नीट चालू दे, आपा."

"ॲप? हे कुणाकडचे?"

"आपा, ते मोबाइलमधलं," एजे म्हणाल्या.

"मला काय माहीत? हल्ली नावं कशीही ठेवतात."

टोल्कुन हसली, पण तिचे डोळे थकलेले होते. चहा संपल्यावर ती म्हणाली, "एजे, मागच्या वेळी तुम्ही मोबाइलवर बोलला होतात ना? आत्ता परत बोला. तशाच बसा, जिथं बसला होतात तिथंच. मी इथं नाही असं समजा."

एजे शेगडीजवळ बसल्या. आपा समोर होत्या. एजेंनी निळं बटण दाबलं.

"रुग्णाचं नाव सांगा. मग त्रास सांगा."

आपांच्या हातातली माळ थांबली. त्यांनी कान टवकारले. एजेंनी त्यांच्याकडं पाहिलं, डोक्यावरचा रुमाल पदरासारखा नीट केला, आणि वर्गात बोलायच्या स्वच्छ आवाजात मोबाइलला सांगितलं, "आमच्या घरच्या थोरल्या. पाय सुजलेत. चढण आली की धाप लागते."

"तुमचं म्हणणं पोचलं," बाई म्हणाली.

आपांनी मान हलवली आणि माळ पुन्हा सुरू केली. एजेंनी मोबाइल खाली ठेवला आणि टोल्कुनकडं पाहिलं. चाळीसेक वर्षं मुलांना प्रश्न विचारून झाल्यावर आज आपण उत्तर दिलंय आणि ते बिनचूक आहे, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

टोल्कुनच्या हातातली रिकामी वाटी तिरकी झाली होती.

"एजे," ती हळू म्हणाली, "नाव?"

"सांगितलं की."

"थोरल्या?"

"मग? आमच्या घरात थोरल्या दुसऱ्या कोण आहेत?"

टोल्कुननं वाटी खाली ठेवली. मग एकदम म्हणाली, "खिडकीजवळचा."

एजेंना क्षणभर काही कळलं नाही. आणि कळलं तेव्हा त्यांचा हात आपोआप तोंडाशी गेला. टोल्कुन हसायला लागली. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून, मग एजेही हसायला लागल्या. सुनेला असं हसताना बघायची आपांना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "मोबाइलनं काही वावगं सांगितलं का?"

"नाही आपा," टोल्कुन डोळे पुसत म्हणाली. "मीच वावगं विचारलं."

आणि मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. गोड आवाजाची बाई फक्त ऐकून घेते. माणूस शोधायचं काम पुढं, डॉक्टरांच्या वेबसाइटवर होतं. तिथं दवाखान्यात नोंदलेल्या गावकऱ्यांची नावं आहेत. 'घरच्या थोरल्या' अशा नावाचं माणूस तिथं कुणी नाही, म्हणून ते यंत्र ती नोंद टाकून देतं. आणि 'पोचलं' हे त्याच्या आधीच बोलून झालेलं असतं.

"मी सगळं विचारलं होतं," ती म्हणाली. "बटण दिसतं का, आवाज ऐकू येतो का, रेंज गेली तर काय. सासूबाई समोर बसल्या असताना बोलून बघा, असं एकीलाही म्हटलं नाही. ऑफिसात सासवा कुठून आणायच्या?"

"तुला सासर असतं तर कळलं असतं," आपा म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं असं नाही, पण मुद्दा हाती लागला होता.

"खरंय, आपा."

"मग करून टाक."

दोघी लगेच शेजारी गुल्बाराकडं गेल्या. गुल्बाराचा नवरा रशियात बांधकामावर होता, आणि ती सासू-सासऱ्यांबरोबर राहत होती. ती नव्या काळातली, जीन्सवर रुमाल बांधणारी मुलगी होती. ती म्हणाली, "मी कुठं एवढं पाळते? बाहेर घेते की नाव. नर्सबाईंच्या कानात तर सांगतेच." पण सासरे पलीकडच्या खोलीत असताना तिनं मोबाइल उचलला, बटण दाबलं, आणि म्हणाली, "मुलांचे आजोबा. छातीत कफ आहे."

"बघ," एजे म्हणाल्या.

"अगं बाई," गुल्बारा म्हणाली. "हे तर माझ्या लक्षातच नाही आलं."

लक्षात येण्यासारखं त्यात काही नव्हतंच. गावात मोबाइल सुनांच्या हातात, पुरुष बाहेरगावी, आणि आजारी पडायची पाळी थोरल्यांची. नाव घ्यायचं ते सुनेनं, मोठ्यानं, ज्याचं घ्यायचं तो समोर असताना. त्यापेक्षा सुनांनी टेकडी चढून जाणं पत्करलं असतं.

उम्सुनायला सांगितल्यावर ती पाय चोळत म्हणाली, "मला या सगळ्या जणी असंच सांगायच्या. मोठ्या चुलीचे, वरच्या वाड्यातल्या, पांढऱ्या घोडीवाले. मला कळायचं, कारण मी या गावात म्हातारी झाले. तुझं ते यंत्र म्हणजे काल आलेली नवरी. तिला घरातलं काय माहीत?"

"तिला तुम्हीच शिकवायचं," टोल्कुन म्हणाली.

पुढचे काही दिवस एजेंच्या स्वयंपाकघरात कागद कापले गेले. टोल्कुनच्या चेहऱ्यावरचा थकवा गेला होता. काय बिघडलंय ते एकदा कळलं की अर्धं काम झालं, असं ती म्हणायची, आणि उरलेलं अर्धं बोरसोक खात खात करायची. स्वतःचं नाव सांगायला कुठल्या सुनेला संकोच वाटतो? तेवढंच विचारायचं ठरलं. सून म्हणणार, मी गुल्बारा. मग मोबाइलवर चित्रं येणार: पांढऱ्या दाढीचे, उंच टोपी घातलेले आजोबा, रुमाल बांधलेल्या आजी, बिनदाढीचा पुरुष, पाळण्यातलं मूल. जे माणूस आजारी असेल त्या चित्रावर बोट ठेवायचं. कुठल्या घरात कोण आहे हे उम्सुनायच्या दवाखान्यात आधीपासून नोंदलेलं होतंच. तेवढ्यावरून यंत्रानं माणूस ओळखायचं. नाव कुणीच घ्यायचं नाही.

गुल्बारानं कागद हातात घेतले आणि लगेच खोड काढली. "मला थोरले दीर दोन आहेत. तुझा बिनदाढीवाला एकच."

"त्यांना कसं ओळखतेस तू?"

"एक मोठे, एक मधले."

टोल्कुननं एक मोठी टोपी काढली आणि एक मध्यम टोपी काढली. गुल्बारानं मध्यम टोपीवर बोट ठेवून पाहिलं. "हं. हे तेच. तोंडही तसंच काढलंयस, चिडकं."

टोल्कुन रोज टाकीपाशी चढून ऑफिसात फोन करायची. आधी तिकडचे लोक कुरकुरले. गाडीची खेप तोंडावर आली आहे, एवढ्यात इतका मोठा बदल कसा करायचा? टोल्कुननं त्यांच्याशी वाद घातला नाही. ती म्हणाली, "तुमच्यात लग्न झालेलं कुणी असेल ना? तिनं आज घरी जाऊन सासऱ्यांपुढं ॲप उघडावं आणि नाव सांगून दाखवावं. जमलं तर मी गप्प बसते." पलीकडं जराशी कुजबूज झाली. मग त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "करू बदल." एजेंनी हे टोल्कुनकडून ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिच्या सासऱ्यांचं नाव काय असेल गं?"

"ते तिनं सांगितलं नाही."

नवं ॲप आलं त्या दुपारी एजेंनी आपांसमोर ते उघडलं. "मी बुरुल," म्हणाल्या. रुमालवाल्या आजीवर बोट ठेवलं. गोड आवाजाची बाई म्हणाली, "क्युम्युश. बरोबर?"

आपांनी माळ खाली टाकली. "ही कोण गं भवानी? मला नुसतं क्युम्युश म्हणते? ओळख ना पाळख. हिला घरच्यांनी काही शिकवलंय की नाही?"

टोल्कुन दारातच उभी होती. तिनं कपाळाला हात लावला. "शिकवते, आपा. आजच शिकवते."

संध्याकाळी ती पुन्हा टेकडीवर गेली, आणि दुसऱ्या दिवशीपासून ती बाई थोरल्या बायकांच्या नावापुढं 'आपा' आणि ज्येष्ठ पुरुषांच्या नावापुढं 'आता', म्हणजे बाबा, लावायला लागली. आपांनी ते एकदा ऐकलं, परत लावायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "आता बरी बोलते. कुणाची मुलगी आहे?"

गाडी यायच्या दिवशी एजे सकाळपासून पीठ मळत होत्या. मळून झालेलं पीठही त्या मळत होत्या. खिडकीतून फाटा दिसतो. टोल्कुन अंगणात कुंपणाला टेकून उभी होती. हातात मोबाइल होता, पण ती त्यात बघत नव्हती. उम्सुनाय दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. गुल्बाराच्या सासऱ्यांनी ठेवणीतली टोपी घातली होती, आणि कुठं जायचं नसल्यासारखे ते रस्त्यावर इकडून तिकडं फिरत होते.

खाली दरीत धूळ उठली. ती फाट्यापर्यंत आली आणि थांबली. थांबली ती बराच वेळ थांबली, निदान एजेंना तसं वाटलं. मग ती हळूच गावाकडं सरकायला लागली.

"वळली," उम्सुनाय पायरीवरून म्हणाली.

एजेंच्या लक्षात आलं की पिठात रुतलेले दोन्ही हात आपण किती तरी वेळ हलवलेलेच नाहीत. त्यांनी ते सोडवून घेतले आणि तशाच, पिठाच्या हातांनी, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर कुणीतरी हसलं. कुणाची तरी गाय हंबरली. फार दिवस छातीशी घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी खाली ठेवावं, तसं त्यांना हलकं वाटलं. टोल्कुन कुंपणापाशीच खाली बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. तिची आई रस्त्यानं आली, तिच्या पाठीवर एक थाप मारून पाणवठ्याकडं गेली, आपल्या जुन्या वेळेला.

डॉक्टर इस्काक गाडीतून उतरले ते नावं वाचतच. "हे काय? मागच्या खेपेला सगळे ठणठणीत, आणि आता अख्खं गाव?"

"आजारी तेव्हाही होतो," उम्सुनाय म्हणाली. "बोलायची सोय आत्ता झाली."

क्युम्युश आपांचा नंबर आला तेव्हा एजे त्यांना धरून गाडीत घेऊन गेल्या. यंत्राचा कागद सळसळत बाहेर आला. डॉक्टरांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला.

"हृदय वयाच्या मानानं चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "पाय सुजलेत ते रक्तदाबाच्या या गोळीनं. गोळी बदलून देतो. आणि मीठ कमी करायचं."

"कशातलं?" आपांनी विचारलं.

"सगळ्यातलं. चहातलं आधी."

"चहातलं?" आपांनी एजेंकडं पाहिलं. "गाडी पलीकडच्या दरीत गेली असती तर बरं झालं असतं."

बाहेर आल्यावर एजेंनी त्यांना उन्हात बसवलं आणि स्वतः टोल्कुनजवळ येऊन उभ्या राहिल्या. गाडीपाशी बायकांची गर्दी होती. टोल्कुन त्यांच्या हातांकडं बघत होती. कोण मोबाइल कसा धरतंय, कोण अंगठ्यानं दाबतंय, कोण बोटाच्या पेरानं.

"आता काय बघतेस?" एजेंनी विचारलं. "झालं ना सगळं."

"पाळण्याचं चित्र फार खाली आलंय, एजे. तरण्या मुली कडेवर मूल घेऊन दाबतात. बोट पोचत नाही."

एजेंनीही त्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "तो कुठं असतो गं आता? तो खिडकीजवळचा."

"रशियात. मोठे ट्रक चालवतो."

"बरा आहे?"

"मजेत आहे. कधीमधी फोन करतो. म्हणतो, एजेंच्या वर्गात सगळ्यांना नावं होती, पण जागा मला एकट्यालाच होती." टोल्कुन हसली. "आणि फटीतला माझा मफलर त्यानं घेतला तो कधी परत दिला नाही, हेही म्हणतो."

गाडी त्या हिवाळ्यात चेत-बुलाकला येत राहिली. रस्त्यावर बर्फ फार साठला तेव्हा एकदा चुकली, पण पुढच्या खेपेला आली. आपांच्या पायांची सूज उतरली. चहातलं मीठ कमी झालं, असं एजे सांगतात. आपा तसं सांगत नाहीत.

टोल्कुन आता नारिनमध्ये राहते. लग्न केलेलं नाही. सध्या ती गुरांच्या डॉक्टरांसाठी ॲप बनवते आहे, आणि त्याचे कागद घेऊन गोठ्यागोठ्यांतून बसते.